लिंबाखालची पहार

हिंगणवाडीच्या कानिफनाथाला देवाधर्माचं वावडं होतं आणि पोट मात्र देवावरच चालायचं. जामखेडच्या अंगाला असलेल्या वीस-पंचवीस गावांतल्या जत्रा, सप्ताह, लग्नं, एवढंच काय, पुढाऱ्यांची भाषणंसुद्धा त्याच्याच दोन कर्ण्यांतून लोकांच्या कानावर पडायची. देवळाच्या शिखराला कर्णा बांधायला हा चढला की खालून पुजारी ओरडायचा, "पायातलं काढलंस का रं?" आणि हा वरून म्हणायचा, "काढलंय, पन तुमच्या देवासाठी न्हाई. पाय घसराय नगं म्हनून."

धंदा तो नगरला शिकला. एका रेडिओच्या दुकानात आठ वर्षं झाडू मारण्यापासून तारांना झाळ मारण्यापर्यंत सगळं केलं आणि परत येताना एक मशीन, दोन कर्णे, एक माईक आणि एक श्रद्धा घेऊन आला. आवाज येत नसेल तर त्याला कारण असतं आणि ते कारण हाताला लागतं, ही ती श्रद्धा. भर लग्नात स्पीकर मुका झाला, नवरदेवाचा मामा डोळे वटारून आला, तरी कानिफनाथ घाबरायचा नाही. मशीन, तार, माईक आणि कर्ण्याच्या बुडाशी असतं ते युनिट, असे चार संशयित. एकेकाला बाजूला घ्यायचं आणि झडती घ्यायची. बॅटरीचा एक सेल युनिटच्या दोन टोकांना टेकवला आणि आतून 'कट्ट' असा आवाज आला की युनिट सुटलं. तारेच्या एका टोकाला सेल, दुसऱ्या टोकाला बारीक बल्ब. तो पेटला की तार सुटली. असं करत करत शेवटी जो उरतो तोच चोर. या हिशेबात कानिफनाथ कधी चुकला नव्हता आणि त्याचा त्याला जरा जास्तच ताठा होता.

मग तो दुष्काळ आला. बहात्तर सालचा पाऊस गेला तो गेलाच. जत्रा नाहीत, सप्ताह नाहीत, लग्नं झाली ती पाच माणसांत. कर्णे पोत्यात गेले. गावाच्या माळावर सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं आणि कानिफनाथाची बायको मनकर्णा खडी फोडायला गेली. मागोमाग कानिफनाथही गेला. ज्या हातांनी केसाएवढ्या तारा जोडल्या त्या हातांनी तीन आठवडे घण चालवला, आणि सांगायला हरकत नाही, वाईट चालवला. मुकादम छगन रोज म्हणायचा, "नाथा, दगड फोडतुयास का गोंजारतुयास?"

त्याला त्यातून सोडवलं सुरुंगांनी. तलावाच्या सांडव्यात काळा खडक लागला होता, तो बार उडवून फोडायचा होता. बार उडण्याआधी माणसं लांब न्यायला हवीत. तंबूच्या बाजूची माणसं शिट्टीवर हलायची, पण टेकडीच्या सोंडेपलीकडं बेचाळीस बायकांची टोळी खडी फोडायची, तिथं शिट्टी पोचायची नाही. हातोड्यांच्या खणखणाटात ढगफुटी झाली तरी त्यांना कळलं नसतं. मनकर्णा त्याच टोळीत होती. ओव्हरसियर राधाकृष्ण हा तरुण, घाबरट आणि भला माणूस. कुणीतरी त्याला सांगितलं की या घण न पेलणाऱ्या माणसाकडं स्पीकर आहे. त्यानं कानिफनाथाच्या हातातला घण काढून घेतला आणि म्हणाला, "एक कर्णा इकडे, एक सोंडेपलीकडे. बार उडवायच्या आधी तुम्ही माईकवर ओरडायचं. जमेल?"

जमेल म्हणाला खरा, पण तार अपुरी होती. स्पीकरला दोन तारा लागतात; एक जायला, एक यायला. सोंडेपलीकडच्या लिंबापर्यंत सहाशे फूट, आणि कानिफनाथाकडं सगळी मिळून एक तार पुरेल इतकीच. साहेबानं नगरला मागणीचा कागद धाडला. कागद गेला तो गेलाच, पावसासारखा.

तेव्हा कानिफनाथाला नगरच्या चहाच्या टपरीवर भेटलेला तारखात्याचा एक लाइनमन आठवला. त्यानं विचारलं होतं, "आमची तार खांबावरून एकटीच जाती. मग ती माघारी कुठनं येती?" लाइनमननं बोट जमिनीकडं केलं होतं. दोन्ही टोकांना लोखंड पुरायचं, परतीचा रस्ता धरणीतून. ही युक्ती कानिफनाथानं ठेवणीतल्या धोतरासारखी इतकी वर्षं जपून ठेवली होती. ती त्यानं आता बाहेर काढली. एक सळई तंबूमागं, जिथं कारकून मंडळी रांजणापाशी हात धुवायची तिथं ठोकली. दुसऱ्या टोकाला, लिंबाखाली, एक मोडकी पहार. तिथला मुरूम इतका कडक की पहार आत शिरेना. शेवटी टँकरच्या तळातलं गढूळ पाणी दोन बादल्या ओतून जमीन भिजवली, मग कुठं ती कमरेएवढी आत गेली. लिंबावर कर्णा बांधला, कर्ण्याची एक वायर तारेला, एक पहारीला. सोंडेअलीकडून कानिफनाथ माईकवर "हॅलो" म्हणाला आणि पलीकडच्या बेचाळीस बायकांनी एकदम माना वर केल्या. त्या रात्री मनकर्णेला त्यानं ती गोष्ट तीनदा सांगितली.

आता दगडाबाईची ओळख करून द्यायला हवी. दगडाबाई सत्तरीची. खडी फोडायचं बळ नव्हतं, म्हणून बायकांची तान्ही पोरं सांभाळायला तिला ठेवली होती. लिंबाच्या फांद्यांना लुगड्याच्या झोळ्या बांधलेल्या, त्यात सात-आठ पोरं, आणि खाली ही बसलेली. पहिला मोठा बार होता त्या दिवशी डोक्यावरचा कर्णा गरजला, "बार हाय, बार हाय, खडकाआड व्हा!" बाकीच्या बायका पळत आल्या. सगळ्यांनी मिळून झोळ्या सोडल्या, पोरं कवटाळून खडकामागं नेली. बार उडाला आणि परातीएवढा एक दगड सोंडेवरून येऊन बरोबर झोळ्यांच्या जागी पडला. फांदी मोडली. दगडाबाईनं त्या दगडाकडं पाहिलं, वर कर्ण्याकडं पाहिलं, कर्ण्यातून उतरलेल्या वायरीवरून नजर खाली आणली ती पहारीवर येऊन थांबली. जे बोलतं ते वर, पण त्याचं मूळ जमिनीत, एवढं तिला दिसलं. दुसऱ्या दिवशी तिनं पहारीला कुंकू लावलं. दुपारी माणशी एक तांब्या पाणी मिळायचं. त्यातले दोन घोट प्यायची आणि उरलेलं पहारीच्या बुडाशी ओतायची. सकाळी घरून निघताना पिऊन यायची, तेवढ्यावर दिवस काढायची.

दोन महिने हे चाललं. कर्णा खणखणीत होता. कानिफनाथाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याचा दिवस तंबूत, मशीनपाशी जायचा, आणि त्याचं देवाशी असलेलं वावडं ओळखून मनकर्णेनंही घरी हा विषय काढला नव्हता.

चैत्रातल्या एका दुपारी तो कर्ण्याचा नट आवळायला लिंबावर चढला. त्या दिवशी टँकर अर्धाच आला होता आणि पाण्यावरून सकाळी दोन बायकांची झोंबाझोंबी झाली होती. वर बसल्या बसल्या त्यानं पाहिलं की म्हातारी तांब्यातलं पाणी त्याच्या पहारीला घालते आहे, वर हात जोडते आहे. कानिफनाथाचं डोकं फिरलं. तो सरसर खाली आला.

"आत्ये, ह्ये काय चालवलंय?"

"देवाला पानी घालते बाबा."

"देव? अगं, मोडकी पहार हाय ती! म्या सवता ठोकलीय. लोखंडाला आंगुळ घालतीस आन हितं पोरांच्या नरड्याला कोरड पडलीय. घालायचं तर ह्यांच्या तोंडात घाल की!"

बायका हातोडे थांबवून बघत होत्या. दोघीतिघी फिदीफिदी हसल्या. दगडाबाईनं तांब्या खाली ठेवला, पदरानं हात पुसला. "बरं बाबा," ती म्हणाली. "तुजंच लोखंड."

कानिफनाथ परत निघाला तेव्हा चार लोकांचं भलं केल्यासारखा चालत होता.

त्यानंतर चौथ्या दिवशी पलीकडचा कर्णा बारीक झाला. मनकर्णा घरी म्हणाली, "आज तुमचा आवाज मुंगीवानी आला." कानिफनाथाला वाटलं, बॅटरी उतरली असेल. बॅटरी बदलली. सहाव्या दिवशी मुंगीही मेली. बार उडवायची वेळ, माईकवर हा जीव तोडून ओरडतोय, अलीकडचा कर्णा गरजतोय आणि सोंडेपलीकडं हातोडे चाललेत ते चाललेतच. वात पेटवायला निघालेल्या माणसाला साहेबानं कसाबसा थांबवला, छगनला पळवलं. छगन पोट सावरत टेकडीला वळसा घालून गेला, दोन्ही हात हलवत. त्याला बघून बायकांना वाटलं, मुकादमाला मधमाश्या चावल्या.

संध्याकाळी राधाकृष्णसाहेबानं कानिफनाथाला तंबूत बोलावलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट.

"शनिवारी सांडव्याचा सगळ्यात मोठा बार आहे. माझ्याच्यानं ही जोखीम घेववत नाही. शुक्रवारपर्यंत तो कर्णा बोलला तर ठीक, नाहीतर पलीकडची टोळी बंद करावी लागेल."

"आन बाया कुठं जातील साहेब?"

"अकरा मैलांवर रस्त्याचं काम आहे. तिथंही आता माणसं घेत नाहीत." साहेबानं चष्मा काढून पुसला. "मी काय करू, तुम्हीच सांगा."

बेचाळीस बायका. बेचाळीस चुली. त्यातली एक त्याच्या स्वतःच्या घरची. कानिफनाथ म्हणाला, "उद्या दुपारपतुर बोलंल साहेब. कारण असतंय, ते हाताला लागतंय."

मंगळवारी त्यानं कर्णा उतरवला, युनिट उघडलं. सेल टेकवला, कट्ट. युनिट सुटलं. बुधवारी सगळी तार गुंडाळून आणली, सहाशे फूट तार बोटांतून ओढून पाहिली, सांधे उघडून पुन्हा पीळ घातले, दोन टोकं जवळ आणून सेल आणि बल्ब लावला. बल्ब पेटला. तार सुटली. मशीन तर रोज अलीकडच्या कर्ण्यात गरजतच होतं. मग त्यानं तार तशीच गुंडाळलेली ठेवून तिच्या टोकाला पलीकडचा कर्णा जोडला, तंबूमागच्या सळईशी गाठ घातली आणि माईकवर फुंकर मारली. कर्णा असा कडाडला की साहेबाचा चहा सांडला. गुरुवारी हे सगळं उचलून पुन्हा लिंबावर नेलं, जसंच्या तसं जोडलं. मुका.

कानिफनाथ लिंबाखाली उभा राहून वर बघत राहिला. तीच तार, तोच कर्णा, तोच माणूस. सोंडेअलीकडं बोलतो, पलीकडं बोलत नाही. चोर कोण? चौघेही निर्दोष. एकेकटा निर्दोष, अलीकडं सगळे मिळूनही निर्दोष, आणि इथं आले की गुन्हा घडलेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हिशेब जुळेना. त्यानं पहारीवर घणाचे चार ठोके घातले, वायरीचा वेढा काढून गंज खरवडला, पुन्हा घट्ट बांधला. पहार चकाकली, कर्णा मुकाच. लाइनमनचा शब्द आठवून पाहिला. परतीचा रस्ता धरणीतून. धरणी तर होती तिथंच होती. धरणी कुठं पळून जाते?

गंमत अशी की या माळावर कारण ठाऊक नसलेला तो एकटाच होता. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. छगन म्हणाला, "नाथा, म्हातारीला बोललास, तिचा तळतळाट लागला." बायका तर उघड म्हणायला लागल्या, देव रुसला. घरी मनकर्णेनं भाकरी वाढताना विषय काढलाच.

"अवं, आत्याच्या पाया पडा अन मोकळं व्हा."

"पाया पडून करंट येतो व्हय गं?"

"मंग तुमच्या सेलानं तरी कुठं आला?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. मनकर्णा खालच्या आवाजात म्हणाली, "टोळी बंद झाली तर झुंबरबाई पोरं घिऊन कुठं जाईल वो? तिचं तर कुनीच न्हाई." तिनं स्वतःचं नाव घेतलं नाही. कानिफनाथानं उरलेली भाकरी पुन्हा टोपल्यात ठेवली. रात्रभर तो कुशी बदलत होता. आपल्याला काहीतरी साधंसं दिसत नाहीये, डोळ्यासमोर असून दिसत नाहीये, असं त्याला वाटत होतं आणि त्यानं तो अधिकच गोंधळत होता. पहाटे एकदा तर मनात आलं, खरंच म्हातारीचा तळतळाट असला तर? त्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की तो उठूनच बसला.

शुक्रवार उजाडला. कानिफनाथानं छगनला माईकपुढं बसवलं. "आकडं म्हनत ऱ्हा. म्या येऊन थांब म्हनस्तवर थांबू नगंस." छगनला शंभराच्या पुढं मोजायची सवय मजुरांमुळं होतीच. तो सुरू झाला आणि कानिफनाथ सोंडेला वळसा घालून लिंबाखाली आला.

ऊन डोक्यावर आलं होतं. झोळ्या फांदीला लोंबत होत्या, दगडाबाई एका झोळीला झोका देत होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. कानिफनाथानं कर्ण्याची वायर सोडली, टोक पुन्हा सोलायला घेतलं. चाकू सटकला आणि अंगठा चांगलाच कापला. रक्ताची धार लागली. त्याच्या कमरेला दुपारच्या वाटणीचं पाणी होतं, बाटलीत. अंगठ्याला बांधायची चिंधी दातांत धरून, एका हातानं कशीबशी वायर पहारीला अडकवली आणि मग बाटलीतलं पाणी अंगठ्यावर ओतलं. रक्त आणि पाणी मिळून पहारीच्या बुडाशी सांडलं. मुरमानं ते लगेच पिऊन टाकलं.

"...शे सदतीस," वरून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं.

कानिफनाथानं वर पाहिलं. पुन्हा अंगठ्याकडं पाहिलं. आणखी पाणी ओतलं.

"एकशे अडतीस! एकशे एकुणचाळीस!"

त्यानं बाटली पालथी केली. छगनचा कंटाळलेला आवाज लिंबावरून असा गरजला की झोळ्यांतली सगळी पोरं एकदम रडायला लागली आणि बेचाळीस हातोडे थांबले. कुणीतरी ओरडलं, "बोललं! बोललं!"

कानिफनाथ खाली बसला. भिजलेल्या मुरमावर त्यानं पंजा ठेवला. तंबूमागच्या सळईपाशी कारकून दिवसभर हात धुतात. इथं दोन बादल्या ओतून पहार ठोकली. आणि मग? मग दोन महिने रोज इथं कोण पाणी घालत होतं? रस्ता धरणीतून जातो हे लाइनमननं सांगितलं होतं. धरणी ओली असावी लागते हे सांगायला तो विसरला होता, किंवा कानिफनाथानं विचारलं नव्हतं. कोरड्या मुरमातून काहीच जात नाही. पाचवा संशयित होता आणि तो त्याच्या पायाखालीच होता. त्याची तहान फक्त एका बाईला कळली होती, आणि तिलाही ती भलत्याच कारणानं कळली होती.

दगडाबाई झोळी सोडून जवळ आली होती. "बोलला का रं?" तिनं विचारलं.

खोटं बोलणं या वेळी किती सोपं होतं बघा. आत्ये, माझं चुकलं, देव जागृत हाय, एवढं म्हटलं असतं तर म्हातारीनं उद्यापासून आनंदानं तांब्या रिता केला असता. बायकांनी वर नारळ फोडला असता. बेचाळीस चुली वाचल्या असत्या आणि याचा हजेरीपटही. कानिफनाथाच्या जिभेवर ते आलंही होतं. पण हा माणूस हट्टी, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य त्याच्या तोंडात बसेना.

"आत्ये," तो म्हणाला, "देव न्हाई गं. पहारच हाय. पन तिला वल लागती. जिमीन वाळली की करंट जात न्हाई. तू पानी घालत हुतीस म्हनून दोन म्हैने बोलत हुतं. म्या तुला बोललो ते चुकलं."

दगडाबाईनं ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी तान लागलती त्याला."

"व्हय. तसंच समज."

"मंग आता रोज पानी लागंल?"

"रोज. तार येस्तवर."

म्हातारी लगेच हो म्हणाली नाही. ती झोळ्यांकडं बघत राहिली. "तू म्हनला हुतास न्हव, पोरांच्या तोंडात घाल," ती म्हणाली. "त्या दिसापासनं त्येच करते बाबा. माजा तांब्या ह्यांनाच पाजते. झुंबरबाईच्या लेकीचं डोळं खोल गेल्तं. आता जरा हसती." तिनं एका झोळीची कड बाजूला केली. आत मुठीएवढं तोंड होतं. "आता तूच सांग, कुनाचं काढून कुनाला घालू?"

कानिफनाथानं कापलेल्या अंगठ्याला चिंधी गुंडाळली. तो तसाच उठला आणि तंबूकडं निघाला. माईकपाशी छगन दोनशे नव्वदवर पोचला होता.

राधाकृष्णसाहेबानं सगळं ऐकलं, खूश झाला आणि मग त्याचाही चेहरा पडला. "टँकरचं पाणी फक्त पिण्यासाठी आहे, कानिफनाथ. उद्या तपासणीला कुणी आलं तर पहारीला पाणी पाजतो, असं सांगू? आणि देऊ तरी कुणाच्या वाटचं?" हात धुतलेलं पाणी तंबूमागच्या सळईलाच जेमतेम पुरत होतं. छगननं एक फुकटातला उपाय सुचवला. तो इथं लिहिण्यासारखा नाही, आणि पहारीवर कुंकू असल्यामुळं स्वतः छगनलाही तो करवेना.

तेव्हा कानिफनाथानं जे केलं ते कुणाला सांगितलं नाही. शनिवारी त्यानं आपल्या वाटचा तांब्या घेतला, सोंडेला वळसा घातला आणि थेंब न थेंब पहारीच्या बुडाशी ओतला. मग पळत परत येऊन माईकवर ओरडला. बेचाळीस बायका खडकाआड गेल्या, झोळ्या गेल्या, दगडाबाई गेली. मोठा बार उडाला. लिंबाभोवती दगडांचा सडा पडला आणि कुणाच्या नखालाही लागलं नाही. साहेब तंबूबाहेर येऊन उगाचच हसत होता.

टोळी बंद झाली नाही.

पण पहार रोज तहानलेली. कानिफनाथ रोज दुपारी तांब्या घेऊन जायचा. वैशाखाचं ऊन, त्यात दिवसभर ओरडायचं काम. ओठ फुटले, आवाज घोगरा झाला. मनकर्णेला दोन दिवसांत कळलं. रात्री स्वतःच्या वाटणीतलं अर्धं पाणी त्याच्यापुढं सरकवायची आणि तोंड फिरवून बसायची. बायकांनी मात्र पाहिलं की हा नास्तिक माणूस रोज वाकून, दोन्ही हातांनी, सावकाश पहारीला पाणी घालतो. पाणी वाहून जाऊ नये, मुरमात मुरावं, म्हणून तो सावकाश ओतायचा. पण बघणाऱ्याला काय दिसणार? दोघीतिघींनी हात जोडले. एकीनं विचारलं, "भाऊजी, कुठल्या देवाचं वो हे?" कानिफनाथ म्हणाला, "कुठल्याच न्हाई," आणि रिकामा तांब्या उचलून निघून गेला. खरं म्हणजे त्याचं त्यालाच आता नीट सांगता येत नव्हतं. मुरूम पाणी पिताना बारीक आवाज करायचा, तो ऐकायला तो जरा जास्तच थांबायचा.

एकोणिसाव्या दिवशी नगरहून तार आली. कोरी, चकचकीत, हवी त्याच्या दुप्पट. सरकारचं असंच असतं. कानिफनाथानं त्याच दिवशी दुसरी तार ओढली, कर्ण्याची वायर पहारीवरून काढून तिला जोडली. आवाज पहिल्यापेक्षाही मोठा आला. आता धरणी ओली असो की कोरडी, काही फरक पडत नव्हता. पहारीचं काम संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दगडाबाई पोरांना झोके देत होती. समोरून कानिफनाथ आला. हातात तांब्या. येऊन पहारीपाशी वाकला.

"कानिफा," ती म्हणाली, "तार आली न्हव?"

"आली."

"जोडली न्हव?"

"जोडली."

"मंग आता ह्ये कुनाला पाजतुस?"

कानिफनाथ वाकलेला होता तसाच थांबला. त्यानं पहारीकडं पाहिलं, तांब्याकडं पाहिलं. काय करायला आलो होतो हे त्याला सांगता येईना. म्हातारी उठली. तिनं त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला. हिसकावला नाही, लेकराच्या हातातलं जड काही घ्यावं तसा घेतला. "दे हिकडं," ती म्हणाली. "पोरं उठल्यात." आणि पदराचं टोक त्यात बुडवून तिनं झुंबरबाईच्या लेकीच्या ओठांवर पिळलं. लेकीनं चुटचुट आवाज केला. म्हातारीनं पदर पुन्हा बुडवला, पुन्हा पिळला, मग पुढच्या झोळीकडं वळली. पहारीकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

तो तंबूत परतला तेव्हा बार उडवायची वेळ होत आली होती. साहेबानं खूण केली. कानिफनाथानं मशीन चालू केलं, माईक तोंडाशी धरला. दोन्ही कर्णे खरखरले. सोंडेपलीकडं बायकांनी माना वर केल्या असणार. पण आज पहारीला पाणी घातलेलं नव्हतं, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. माईक हातात धरून तो नुसता उभा होता. मशीनचा लाल दिवा जळत होता, तारा नव्या होत्या, कुठंच काही बिघडलेलं नव्हतं, आणि छगन मात्र लगबगीनं उठून तार हलवून बघायला लागला.